टॉवरखालचा रांजण

"पी ना भाऊ, ऊन कितलं शे," म्हणत अक्कांनी तांब्या पुढे केला. मी तो हातात धरून तसाच उभा राहिलो. बॅगेत लॅबचा रिपोर्ट होता.

फैजपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, आमच्या कंपनीने एका मोबाइल टॉवरला डिझेल जनरेटरऐवजी फ्युएल सेल बसवला होता. त्यात हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन वीज तयार होते. धूर नाही, बाहेर पडते फक्त वाफ आणि पाणी. लाइट गेली की हा सेल चालू होतो, आणि तिकडे लाइट जायला काही काळवेळ नसतो, त्यामुळे पाणी भरपूर. अक्का तिथल्या वॉचमनच्या पत्नी. एक्झॉस्टच्या, म्हणजे वाफ-पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीखाली हंडा लावून, ते पाणी रांजणात भरून त्यांनी रस्त्याकडेला पाणपोईच सुरू केली. रानातून मोहाची फुलं घेऊन येणाऱ्या बाया तिथे टेकायच्या.

त्यांना भरवसा दिला कोणी? मीच. मशीन सुरू झालं त्या दिवशी गावासमोर मोठ्या ऐटीत एक पेला पिऊन दाखवला होता.

फ्युएल सेलच्या आत फ्लोरिनवाल्या प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, त्याला मेम्ब्रेन म्हणतात. तो हळूहळू झिजतो आणि त्याचे अंश पाण्यात उतरतात. ही रसायनं कुजत नाहीत. अंगात गेली की वर्षानुवर्षं राहतात. आमच्या पाण्यात ती सापडली होती.

सकाळी ऑफिसातून निघताना साहेब म्हणाले होते, "फिल्टर बसव आणि ये. गावात उगाच घोळ नको."

"साहेब, लोक ते पाणी पितायत."

साहेबांनी समोरची फाइल मिटली. "मग सांगूनच ये."

मी तांब्या खाली ठेवला. "अक्का, हे पाणी कोणालाच देऊ नका. यात मशीनमधलं रसायन उतरतंय. मी न तपासता पिऊन दाखवलं. चूक माझी आहे."

अक्कांनी तांब्या उचलून बाजूला सरकवला. "मीच ह्या बायासले, बठ्ठासले पाजं ना रे."

मग त्यांनी रांजण कलता केला आणि थांबल्या. "वतू कोठे? नालानं पानी गाय पेस."

एवढा इंजिनिअर मी, पण हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. नळीला आधी कार्बनचा आणि मग रेझिनच्या बारीक मण्यांचा फिल्टर जोडला. ही रसायनं त्यांत अडकून बसतात. भरलेला कार्बनही फेकायचा नाही. तो सीलबंद करून मोठ्या भट्टीत जाळायला पाठवायचा. रांजणातलं सगळं पाणी आम्ही दोघांनी तांब्या-तांब्याने त्या फिल्टरमधून सोडलं.

मधेच त्यांनी हात थांबवला. "भाऊ, त्या दिन तू बी पियेल शे ना? तुले काही व्हयनं नही ना?"

मला रडू आवरेना. घाम पुसायच्या निमित्ताने मी तोंड फिरवलं.

फिल्टरनंतरचा रिपोर्ट चांगला आला. तरी ते पाणी प्यायला द्यायचं नाही, असं ठरलं. नव्या साइटवर मी आता रिपोर्ट दाखवतो, आणि तो नसेल तर 'माहीत नाही' म्हणतो. पाणपोई बंद करायला अक्का तयार नाहीत. बायांना सवय लागली आहे. अक्का आता हापशावरून हंडा आणतात, वाटेत चढ आहे, दम लागतो. ती खेप माझ्या फुशारकीमुळे त्यांच्या डोक्यावर आली.