धाकटीला बोलायला कुणी शिकवलं

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझी धाकटी बहीण तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात कायम रात्रपाळीला, म्हणून दिवसभर आमच्या उल्हासनगरच्या खोलीत आवाज बंद. शिट्टी नको म्हणून आई भातही पातेल्यातच शिजवायची. मी निदान शाळेत ओरडून यायचे. धाकटीशी मात्र आई हातवाऱ्यांनीच बोलायची.

शेजारी एक सिंधी काकी राहायच्या. त्या आणि त्यांच्या सुना ओट्यावर पापड लाटायच्या, तोंडाची टकळी सतत चालू. आई धाकटीला तिथे बसवू लागली. शिकावं म्हणून नाही, बाबांची झोपमोड नको म्हणून. काकी तिच्या हातात पिठाची गोळी देऊन विचारायच्या, "हीउ छा आहे?" म्हणजे हे काय आहे? आणि ती काहीतरी बोलेपर्यंत हात थांबवून बघत राहायच्या.

दिवाळीपर्यंत धाकटी बोलू लागली. मला 'अदी' म्हणायची, म्हणजे ताई. पापड मोजायची, "हिकु, ब, टे." दूध हवं असलं की 'खीर' मागायची. एका रविवारी मामा जेवायला आला असताना तिने अशीच खीर मागितली. अर्थ कळल्यावर मामा हसला, "भावजी, पोरगी सिंधीण झाली की तुमची!"

बाबाही हसले. मामा गेल्यावर आईला म्हणाले, "उद्यापासून ओट्यावर पाठवायची नाही."

पुढच्याच वर्षी आम्ही बदलापूरला ब्लॉक घेतला. नवी इमारत, निम्म्या दारांना कुलपं. रात्रपाळी तशीच. धाकटी खिडकीत बसून असायची. तिचे सिंधी शब्द गेले आणि त्यांच्या जागी मराठी आले नाहीत.

एकदा काकी पत्ता विचारत विचारत आल्या. धाकटी त्यांच्या मांडीवर चढली आणि अडखळत का होईना, बोलतच सुटली. त्या घरात ती इतकं कधीच बोलली नव्हती. आवाजाने बाबा उठून बाहेर आले.

"तुम्हीच पोरीच्या डोक्यात गोंधळ घातलाय. परत येऊ नका."

काकींनी तिला खाली ठेवलं. "भाऊ, इससे बात करो," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

शाळेत बाईंनी तिला मागच्या बाकावर बसवलं. "हिच्या डोक्यात काही शिरत नाही." शिरत होतं. उत्तर यायला वेळ लागायचा, तेवढा धीर कुणाला नव्हता. सातवीनंतर तिची शाळा सुटली.

बाबा अजून पाहुण्यांना सांगतात, "थोरली हुशार निघाली, धाकटी जन्मापासूनच तशी." धाकटी तिथेच असते, कपबश्या गोळा करत. मागच्या खेपेला मला राहवलं नाही. "जन्मापासून नाही, बाबा. ती बोलत होती. मोजत होती."

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. आई म्हणाली, "आता कशाला उकरून काढतेस?"

धाकटीने माझ्यापुढचा कप उचलला. चहा अजून अर्धा होता.