अडेनियमला घातलेलं पाणी

गेल्या डिसेंबरात माझी सटाण्याची धाकटी बहीण जिन्यावरून पडली आणि तिच्या पायाचं हाड मोडलं. घरात तिच्या थकलेल्या सासूबाईंशिवाय कोणी नव्हतं. शाळेतून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती, म्हणून तीन आठवडे मीच जायचं ठरवलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी नवऱ्याला बाल्कनीत बोलावलं. बाकीच्या कुंड्या वाळल्या असत्या तरी मी काही म्हटलं नसतं. सांगायचं होतं ते फक्त दोन झाडांबद्दल.

एक अडेनियम. मी नांदगावच्या शाळेवर होते तेव्हा एका सहकारी बाईंनी मला त्याची शेंग दिली होती. आत काडीसारख्या बिया, दोन्ही टोकांना कापसाचे झुपके. पंधरा पेरल्या, चार उगवल्या, एक टिकली. चौदा वर्षांत तिचं खोड बुडाशी माठासारखं फुगलं होतं. ते पाणी त्यातच साठवतं. मातीत वाळू आणि विटांचा चुरा लागतो, दिवसभर ऊन लागतं, आणि आपल्याकडची थंडी पडली की पानं टाकून ते झोपतं. त्या दिवसांत त्याला पाणी म्हणजे विष.

दुसरी पीस लिली. ती नवऱ्याची. चार वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला तेव्हा ऑफिसातल्यांनी पांढऱ्या चिनी मातीच्या कुंडीत दिलेली. तिला थेट ऊन चालत नाही, माती ओलसर हवी. नळाच्या ताज्या पाण्याने पानांची टोकं करपतात, म्हणून मी पाणी रात्रभर बादलीत ठेवून मग घालायची. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसायची. एक दिवस जरी विसरलं तरी ती सगळी पानं खाली टाकून मेल्यासारखी पडते, आणि पाणी दिल्यावर दोन तासांत परत उभी राहते. नवऱ्याने चार वर्षांत तिला तांब्याभर पाणी घातलं नव्हतं. फूल आलं की फोटो मात्र काढायचा आणि ऑफिसच्या ग्रुपवर ‘माझी बाग’ म्हणून टाकायचा.

"लिलीला एक दिवसाआड," मी म्हटलं. "बोट लावून माती कोरडी लागली की. आणि अडेनियमला एक थेंबसुद्धा नाही. पानं गळतील, गळू द्या."

"बरं."

"काय सांगितलं मी?"

"हिला पाणी, त्याला नाही. पहिलीतला मुलगा आहे का मी?"

सटाण्याहून मी रोज फोन करायची. "अडेनियमला पाणी घातलं नाही ना?" "नाही." "नक्की?" "अगं नाही म्हटलं ना." बहिणीच्या सासूबाई पलंगावर बसून ऐकत असायच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी काळजीने विचारलं, "तुना घरमा कोन बिमार शे?" आम्ही दोघी बहिणी हसलो होतो.

जानेवारीत एसटीने नाशिकला परतले ती स्वेटर न काढता थेट बाल्कनीत गेले. अडेनियमच्या कुंडीखालच्या थाळीत पाणी साचलं होतं. खोडाला हात लावला तर पिकलेल्या पपईसारखं बोट आत गेलं. आंबूस वास आला.

नवरा आत पेपर वाचत होता.

"पाणी घातलंत?"

"थोडंसं."

"किती दिवस?"

"रोज नाही गं. अधूनमधून."

"मी रोज फोनवर विचारत होते."

त्याने पेपरची घडी घातली. "एक पान राहिलं नव्हतं त्याला. डोळ्यांदेखत वाळत होतं. बघवेना."

मला तेव्हा जो राग आला तो अजूनही पुरता गेलेला नाही. त्याला कळलं नाही याचा तो राग नव्हता. मी सांगितलं होतं, त्याच्याकडून वदवून घेतलं होतं, आणि तरी त्याला स्वतःच्या दोन मिनिटांच्या बघण्यावर माझ्या चौदा वर्षांपेक्षा जास्त विश्वास होता. हे काही पहिल्यांदा घडलं नव्हतं. नांदगावची रोजची गाडी मला झेपत नाही, हे मी सहा वर्षं सांगत होते. "होतं सवयीने," म्हणायचा. मग डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो दाखवून तेच सांगितलं, तेव्हा बाहेर येऊन मलाच म्हणाला, "अगं, आधी बोलायचं नाही का?" मी तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्यांवर गप्प बसले होते. या वेळी मी गप्प बसले नाही. इतकी बोलले की खालच्या मजल्यावरची खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. तो चपला घालून बाहेर निघून गेला.

मी कुंडी उपडी केली. मुळं काळी पडली होती, चिमटीत धरली तर साल सुटून हातात येत होती. सुरी घेऊन खोड कापत गेले, वर, अजून वर, आत पांढरं काही सापडेल म्हणून. सगळा माठ गेला. एकाच फांदीचा वीतभर तुकडा निरोगी निघाला. त्याच्या कापलेल्या तोंडाला हळद लावली आणि सावलीत सुकत ठेवला.

नंतर मी जे केलं ते सांगायला मला आवडत नाही, पण सांगते. मी लिलीचं पाणी बंद केलं. घरात बोलणं नव्हतं, दोन वेळचा स्वयंपाक करून मी खोलीत जात होते. तिसऱ्या दिवशी लिलीने पानं खाली टाकली. चौथ्या दिवशी ती कुंडीच्या काठावर पसरली. मी शेजारून जायची, बघायची, आणि पुढे जायची. मला बरं वाटत होतं. त्यालाही आपलं झाड मरताना दिसावं, असं मला खरोखर वाटत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी उठले तर तो स्वयंपाकघरातून बादली घेऊन येत होता. रात्रभर पाणी भरून ठेवलेली बादली. तांब्याने हळूहळू पाणी घातलं, मातीला बोट लावलं, परत थोडं घातलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ही उठेल ना?"

"उठेल."

"मला वाटलं, मी बघत असताना ते अडेनियम मेलं तर तू मला सोडणार नाहीस. म्हणून घातलं. मग घातलं म्हणून सांगायची भीती वाटली."

"माझी भीती?"

"तू चिडलीस की मला काही सुचत नाही."

हे ऐकून मला त्याची दया यायला हवी होती. मी अधिकच चिडले. माझं ऐकायचं नाही, मग मी ओरडले की घाबरायचं, आणि शेवटी दोष माझ्या ओरडण्याचा. हे मी त्याला तसंच्या तसं म्हटलं, पण आवाज न चढवता. त्याने तांब्या बादलीत ठेवला. मग म्हणाला, "बरोबर आहे." एकतीस वर्षांत हे दोन शब्द मी त्याच्या तोंडून फार वेळा ऐकलेले नाहीत. माफी मात्र त्याने मागितली नाही, आणि मीही लिलीबद्दल मागितली नाही. मी काय करत होते ते त्याला कळलं होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

लिली दुपारपर्यंत उठली. कडेची तीन पानं पिवळी पडली, ती कापून टाकली. आता तिचं सगळं तोच बघतो. कधी विसरतो, मग ती पडते, आणि मी सांगत नाही.

अडेनियमच्या फांदीला मार्चच्या उन्हात मुळं फुटली. जूनमध्ये दोन गुलाबी फुलं आली. बघणाऱ्यांना वाटतं, वाचलं झाड. पण फांदीपासून लावलेल्या अडेनियमला बीपासून वाढलेल्यासारखं बुडाशी पोट सहसा येत नाही. ते काठीसारखं सरळ वाढतंय. नवऱ्याने परवा विचारलं, "याला तसा माठ यायला किती वर्षं लागतील?"

"येणार नाही," मी म्हटलं आणि कुंडी उन्हात सरकवली.