माहिती देणारा: स्वतः

त्या दवाखान्यात डॉक्टरांपर्यंत पोचायचं तर आधी चौकशीबाईंच्या तावडीतून सुटावं लागे. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला एक अरुंद खोली, तिच्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि टेबलामागे बाई. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथंच राहिलं. एकतीस वर्षं नर्सची नोकरी, त्यातली वीस या टेबलामागे. आलेल्या माणसाला प्रश्न विचारायचे, उत्तरं केसपेपरवर लिहायची आणि कागद आत पाठवायचा, एवढंच काम. पण डॉक्टर स्वतः म्हणत, "बाईंनी लिहिलेलं वाचलं की मला फक्त सही करायची राहते."

हे काही उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवणं नव्हतं. डोळे लाल, नाक वाहतंय, उजेडाकडे बघवत नाही असं पोर कुणाच्या कडेवर दिसलं की बाई आधी त्याच्या गालाची आतली बाजू बघत. तिथं मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असले तर अंगावर पुरळ उठायच्या आधीच गोवर ठरलेला, आणि ते पोर बाकीच्यांपासून लांब, मागच्या खोलीत. डोळ्यांच्या खोबणीमागे ठणकतंय आणि अंग मोडून निघतंय म्हटलं की पुढचा प्रश्न घराजवळ साठलेल्या पाण्याचा. ताप रोज थोडा थोडा चढतोय आणि जिभेवर पांढरा थर आहे, तर पिण्याचं पाणी कुठलं. अन्नाचा वास नकोसा झालाय म्हणणाऱ्याला त्या सरळ लघवीचा रंग विचारत आणि डोळे पिवळे व्हायच्या आत काविळीच्या तपासणीला पाठवून मोकळ्या होत.

एकदा एक ऐटबाज गृहस्थ हात खाजवत आले. अंगात उष्णता झालीय म्हणाले.

"घरात आणखी कोण कोण खाजवतं?"

"कुणी नाही हो."

"अंथरुणात पडल्यावर जास्त खाजतं? बोटांच्या बेचक्यांत?"

गृहस्थांनी हात पाठीमागे नेले.

"उद्या बायको-पोरांना घेऊन या. सगळ्यांना एकाच दिवशी मलम लावायचं," बाई म्हणाल्या. "खरजेला एकटं राहवत नाही, तिला भरलं घर लागतं."

बाईंचा एक नियम होता आणि त्यावरून रोज तोंडातोंडी व्हायची. आजारी माणूस आत, बरोबरचा माणूस बाहेर. लहान मूल सोडलं तर कुणाला सवलत नाही. नवरा असो, बाप असो, कोर्टातला वकील असो, बाहेरच्या बाकावर. "अहो, मी आई आहे तिची!" असं एखादी कडाडली की बाई मान वर न करता म्हणत, "म्हणूनच."

हा नियम फुकटात आलेला नव्हता. फार पूर्वी एक सून आली होती, गळ्याची हाडं वर आलेली. ती खाली बघत बसली आणि बोलली सासू. "चार दिवसांचा खोकला आहे, बाकी काही नाही." बाईंनी चार दिवस लिहिलं, डॉक्टरांनी चार दिवसांच्या खोकल्याचं औषध दिलं. सून चार महिने खोकत होती. रात्री घामानं उशी भिजायची, थुंकीत रक्त पडायचं. हे बाईंना कळलं ते ती गेल्यावर, तिच्या शेजारणीकडून. थुंकी तपासली असती तर सहा-आठ महिन्यांच्या गोळ्यांनी ती सून उठून कामाला लागली असती. पण घरात क्षय निघाला तर धाकट्याचं लग्न कसं जमणार, ही सासूची काळजी. बाईंनी त्या आठवड्यात डॉक्टरांच्या मागे लागून केसपेपरच्या तळाशी एक ओळ वाढवून घेतली: 'माहिती देणारा: स्वतः / नातेवाईक'. ज्या कागदावर 'नातेवाईक'ला खूण असेल तो त्या कच्चा धरत आणि माणूस शुद्धीवर आला, बोलता झाला की पुन्हा लिहून घेत.

"नातेवाईक खोटं बोलतात असं नाही," नव्या नर्सना त्या सांगत. "त्यांना जे खरं असावंसं वाटतं ते ते सांगतात. ते खोट्याहून वाईट."

इतकं सगळं कळणाऱ्या बाईंच्या घरात एक लेक होती, आणि तिच्याबद्दल त्यांना काडीचंही माहीत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा. नवरा लवकर गेला, त्यानंतर ही लेक म्हणजे बाईंचा जीव की प्राण. डब्यात काय न्यायचं इथपासून केस किती कापायचे इथपर्यंत सगळं आईनं ठरवलेलं. लेक सव्वीस वर्षांची झाली, जमिनीचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत नोकरीला लागली, तरी आईच्या लेखी ती अजून कडेवरच होती. त्या कचेरीत एक मोजणीदार होता, तिच्याहून आठ वर्षांनी मोठा, घटस्फोट झालेला. लेकीनं त्याचा विषय घरात एकदाच काढला.

"एकदा मोडलेला संसार पुन्हा मांडायला त्याला माझीच पोर सापडली का?" बाई म्हणाल्या. "नाव काढू नकोस पुन्हा."

लेकीनं नाव काढलं नाही. बाईंना वाटलं, विषय संपला. आई विषय संपवते तेव्हा तो फक्त आईपुरता संपतो, हे इतक्या घरांची लफडी ऐकलेल्या बाईंना ठाऊक असायला हवं होतं. इतरांच्या बाबतीत ठाऊक होतंच.

पुढे एका शनिवारी लेक म्हणाली, "दोन रात्री मैत्रिणीकडे राहते. तिच्या घरचे परगावी गेलेत." मैत्रीण दोन गल्ल्या सोडून राहणारी. बाईंनी बरोबर चादर दिली आणि डास चावतील म्हणून खिडकी लावून झोपायला सांगितलं.

त्यानंतर बाराव्या दिवशी लेकीला ताप आला. अंग कापायला लागलं, डोकं फुटतंय म्हणाली, एकदा उलटी झाली. त्या आठवड्यात सगळीकडे फ्लूची साथ होती, दवाखान्याची रांग रस्त्यापर्यंत जात होती, लेकीच्या कचेरीतले चौघे आजारी होते. बाईंनी दोन दिवस घरीच तापाच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी तिला हाताला धरून दवाखान्यात आणलं, रांगेला वळसा घालून थेट आपल्या खोलीत नेलं आणि समोरच्या खुर्चीत बसवलं. मग त्या स्वतःच्या खुर्चीत बसल्या. कागद पुढे ओढला.

धाकटी नर्स दारात येऊन उभी राहिली. "बाई, मी लिहून घेऊ का हिचं?"

"तू इंजेक्शनं बघ. माझ्या पोरीची माहिती आता तू मला सांगणार?"

धाकटी निमूटपणे गेली. तिची काय टाप होती बोलायची?

बाईंनी प्रश्न विचारले, एकही वगळला नाही. फक्त विचारता विचारता लिहीत गेल्या. ताप तीन दिवस. थंडी आहे. पुरळ नाही. घशाला सूज नाही. जवळपास कुणी आजारी? कचेरीत चौघे.

"गेल्या महिन्याभरात बाहेरगावी, जंगलात, धरणाबिरणावर?" हे त्यांनी जोरात म्हटलं, कारण रोज शंभर जणांना म्हणायची सवय.

"आई..." लेक म्हणाली.

"कुठे जाणार आहेस तू. घर आणि कचेरी." 'प्रवास: नाही' हे लिहून झालंसुद्धा होतं. मग त्यांनी वर बघितलं. "काय गं?"

लेक कागदाकडे बघत होती. "काही नाही. डोकं दुखतंय."

कागद पुरा झाला. तळाच्या ओळीवर बाईंचा हात वीस वर्षं ज्या जागी जात होता त्याच जागी गेला. 'स्वतः'ला खूण झाली.

डॉक्टरांनी कागद वाचला, घसा बघितला, छाती तपासली. त्या शहरात गेल्या पंधरा वर्षांत कुणाला हिवताप झाला नव्हता. जो बाहेरून आलाय त्याचंच रक्त काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, असा तिथला शिरस्ता. आणि ही बाहेर कुठेच गेलेली नव्हती, तसं बाईंच्या अक्षरात लिहिलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "फ्लू. भरपूर पाणी, भरपूर झोप. बरी होशील गं."

तापाच्या सहाव्या दिवशी सकाळी लेकीचे शब्द जड यायला लागले. डोळ्यांत पिवळी छटा होती. बाईंनी ती बघितली आणि लेकीला तशीच उठवली. रिक्षानं मोठ्या इस्पितळात नेली. तिथं एक तरुण डॉक्टरीण आली, खाटेजवळ खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "बरोबरचे बाहेर थांबा."

"मी नर्स आहे," बाई म्हणाल्या.

"असाल. बाहेर थांबा, प्लीज."

"अहो, मी आई आहे तिची!"

डॉक्टरणीनं नुसतं दाराकडे बोट केलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा बाई बाहेरच्या बाकावर बसल्या. शेजारी कुणाचा तरी नवरा डबा मांडीवर घेऊन बसला होता. पाच मिनिटंही झाली नसतील, दार उघडलं.

"अडीच-तीन आठवड्यांपूर्वी ती जंगलातल्या धरणाच्या विश्रामगृहावर दोन रात्री राहिली होती. जाळीबिळी नव्हती, डास खूप होते म्हणतेय," डॉक्टरीण म्हणाली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

बारा दिवस अधिक सहा. बाईंनी बाकावर बसल्या बसल्या बेरीज केली. रक्त काचेवर घेतलं, तेव्हा त्यात हिवतापाचे जंतू नुसते बुजबुजलेले होते, आणि जातही वाईटातली. तासाभरात इंजेक्शन सुरू झालं. ताप मेंदूत गेला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी, भेटायला येणाऱ्यांची वेळ चालू असताना, लेक गेली. त्या अखेरच्या तीन दिवसांत ती आईशी एक शब्दही बोलली नाही, कारण डॉक्टरणीशी बोलल्यावर थोड्याच वेळात तिची शुद्ध हरपली होती. पण बाईंना ते कारण पुरलं नाही, अजून पुरत नाही.

तीन दिवस आधी आणली असती तर, हे इस्पितळात कुणी म्हणालं नाही. म्हणायची गरजही नव्हती. बाईंनी ते वाक्य स्वतः कितीतरी आईबापांना ऐकवलं होतं, चांगलं खडसावून.

पंधरा दिवसांनी त्या कामावर आल्या. डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं. टेबलावर लेकीचा केसपेपर होता. डॉक्टर चष्मा पुसत बसले, पुसून झाल्यावरही पुसत बसले.

"बाई, इथं 'स्वतः'ला खूण आहे."

"सवयीनं झाली."

"मीही विचारायला हवं होतं तिला. एकदा तरी."

"तुम्ही माझं अक्षर वाचलंत," बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी कागद फायलीत परत ठेवला, आणि तो विषयही तिथंच संपला, म्हणजे डॉक्टरांपुरता.

बाईंचं टेबल चालूच राहिलं. चालायलाच हवं होतं, घरी कुणासाठी बसायचं? त्या आता विचारायच्या, पेन खाली ठेवायच्या, उत्तर पूर्ण होईपर्यंत तोंडाकडे बघायच्या आणि मग लिहायच्या. रांग लांबायची, लोक कुरकुरायचे. वरातीमागून घोडं आलं होतं आणि ते आता रोज येत होतं.

दोन महिन्यांनी एक माणूस एकटाच आला. पस्तिशीच्या आतला, दाढी वाढलेली, दोन्ही हात काखेत घालून कुडकुडत होता. लेकीच्या कचेरीतल्या कुठल्याच माणसाला बाईंनी कधी घरी येऊ दिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी ओळखायचा प्रश्नच नव्हता.

"ताप कधीपासून?"

"आठ दिवस. एक दिवस येतो, एक दिवस येत नाही. आधी हुडहुडी भरते, मग ताप, मग घाम फुटून उतरतो."

असं पुस्तकातल्यासारखं क्वचितच कुणी सांगतं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "गेल्या काही महिन्यांत बाहेरगावी कुठे?"

"धरणावर. दोन रात्री. तीन महिने झाले."

"एकटे होतात?"

"नाही."

"बरोबरच्या माणसाला ताप आला होता का?" हे विचारायचंच असतं. हिवतापात नेहमी विचारतात.

त्यानं काखेतले हात बाहेर काढले. "आला होता," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत आहे."

बाई ओरडल्या नाहीत, त्यांनी शिव्याशापही दिले नाहीत. त्यांनी त्याचं बोट धरलं, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, सुई टोचली आणि रक्ताचा थेंब काचेवर घेतला. मग ते बोट हातातच राहू देऊन त्यांनी जे विचारलं ते केसपेपरवर कुठेही नव्हतं.

"ती माझ्याशी का नाही बोलली?"

"बोलणार होती," तो म्हणाला. "ताप आला तेव्हा मी फोनवर म्हटलं, मी येऊन आईंना सांगतो. ती म्हणाली, नको, दवाखान्यात मीच सांगते, तिथं आई सगळ्यांना विचारतेच."

"मग?"

"संध्याकाळी पुन्हा फोन केला. म्हणाली, सांगणार होते, पण आईनं उत्तर आधीच लिहून टाकलं होतं."

बाईंनी त्याचं बोट सोडलं. कागद पुढे ओढला, त्यानं सांगितलेलं सगळं जसंच्या तसं लिहिलं, आणि तळाशी 'स्वतः'ला खूण केली. रक्तात जंतू निघाले, पण साध्या जातीचे. चौदा दिवसांच्या गोळ्यांनी तो माणूस खडखडीत बरा झाला.