झोतातल्या सुया

दम धरणं मला कधी जमलंच नाही. आईनं दही लावलं की तासाभरात मी झाकण उचलून बघायचे आणि बोलणी खायचे. अशा मुलीनं पीएचडीला विषय घेतला तो पाण्यात विरघळलेल्या क्षाराचा पहिला स्फटिक कसा जन्मतो ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधून बघण्याचा. पप्पा सातपूरच्या कारखान्यात बॉयलरवर कामाला. नळ्यांत साचणाऱ्या क्षाराला शिव्या घालतच ते घरी यायचे, तिथून तो माझ्या डोक्यात बसला.

दोन अतिपातळ चकत्यांमध्ये थेंबभर पाणी कोंडून मी महिनोन्‌महिने स्क्रीनकडे बघत होते. काही घडायचं नाही. पाय हलत राहायचे, नखं कुरतडून संपली. एका दुपारी वैतागून इलेक्ट्रॉनांचा झोत वाढवला आणि मिनिटभरात क्षाराच्या सुया उगवल्या. व्हिडिओ पाहून माझ्या गाइड मॅडम खूश झाल्या. "यावर तुझा प्रबंध उभा राहील," म्हणाल्या.

संध्याकाळी पप्पांना तो व्हिडिओ मोबाइलवर दाखवला. चहा निवेपर्यंत ते बघत राहिले.

"सगळ्या सुया या गोलातच का गं?"

"तेवढ्याच भागावर झोत असतो, पप्पा."

"मग झोतानंच धरला असेल. आमच्याकडंपण क्षार आधी तापलेल्या नळीलाच धरतो."

मी फणकारून आत गेले. झोत पाण्याचे रेणू फोडतो आणि त्यानंही क्षार धरू शकतो हे मला पाठ होतं, घाईत मीच तिकडे काणाडोळा केला होता. पप्पांचा नाही, स्वतःचाच राग येत होता. जेवण गेलं नाही.

सकाळी मॅडमना सांगून टाकलं, "त्या सुया पाण्यात आपोआप झालेल्या नाहीत. मी केल्यात."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "नवा थेंब भर. झोत बंद ठेव."

झोताशिवाय काहीच दिसत नाही, तासभर आम्ही काळ्या स्क्रीनसमोर बसलो. माझा हात चारदा बटणाकडे गेला आणि चारदा मी तो मांडीखाली दाबून धरला. मग मॅडमनी क्षणभर अगदी मंद झोत सोडायला सांगितलं. कोपऱ्यात एक स्फटिक होता. आखूड, जाडसर, त्या सुयांसारखा मुळीच नाही. प्रबंध पुन्हा पहिल्या पानावर आला होता आणि मला रडू येत होतं.

घरी पप्पांना त्याचा फोटो दाखवला.

"हा कसा तयार झाला?"

"माहीत नाही, पप्पा. मी बघत नव्हते."