वाघाची गोवरी

"काकू, आई गेली..." जळकोटहून पुतण्याचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात लेकाच्या घरी मटार सोलत बसले होते. माझी थोरली जाऊ गेली. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो. आता महिना होऊन गेला, पण त्यांची आठवण निघाली की आधी भीती वाटते. रडू मागाहून येतं.

मी लग्न होऊन जळकोटला आले तेव्हा सोलापूर म्हणजे परमुलूख होता. तिकडं देश स्वतंत्र झालेला आणि इकडं आमच्यावर अजून निजामाचं राज्य. आमच्याकडं चारमिनारचं हाली नाणं चालायचं, तिकडचं ते कलदार. पुढं कलदार बाळगायलाच बंदी आली. बंदूकवाले गस्तीचे लोक गावोगाव फिरून घरं धुंडाळू लागले. आमच्या थोरल्या दिरांकडं, दादांकडं, एकदा कलदार सापडलं, तेव्हा त्यांना चावडीवर नेऊन पाठ फुटेस्तोवर मारलं. पुन्हा सापडलं तर माणूस घरी येणार नाही, असं बजावून सोडलं.

आणि नेमकी त्याच दिवसांत अक्कांना नाणी जमवायची हौस लागली होती! सोलापूरच्या गिरणीत काम करणारा त्यांचा भाऊ येताना तिकडची नवी नाणी आणायचा. कधी रुपया, कधी अधेली, कधी पावली. त्यांच्यावर चालता वाघ होता. अक्कांनी तो पाहिला आणि हातच जोडले. "तुळजापूरच्या आईचा वाघ हाय गं. नव्या सरकारनं आईचं वाहन नाण्यावर घातलंय. आता आपलीबी सुटका जवळ आली."

"अक्का, विहिरीत टाका ती. दादांचा जीव जाईल," मी रडकुंडीला येऊन म्हणायचे.

"आईचा वाघ टाकू व्हय विहिरीत? लई भित्री तू, इंदे."

भित्री मी होतेच, आजही आहे. पण अक्काही घाबरायच्या. शेण थापताना त्यांचे ओठ पांढरे पडलेले मी पाहिलेत. एकेक नाणं त्या गोवरीच्या पोटात घालून वर अंगठ्याचा ठसा उमटवायच्या. साध्या गोवरीवर चार बोटं, वाघाच्या गोवरीवर अंगठा. ही खूण फक्त आम्हा दोघींना ठाऊक होती.

एका दुपारी गस्तीचे लोक आमच्याच दारात उतरले. घर उलथंपालथं केलं, काही मिळालं नाही, म्हणून भाकऱ्या टाकायला सांगून दिरांना समोर ओट्यावर बसवून ठेवलं. अक्का भाजत होत्या, मी थापत होते. चूल नीट पेट घेईना. त्यांच्यातला एक जण वैतागून उठला, परसातून कवेत मावतील तेवढ्या गोवऱ्या घेऊन आला आणि "जल्दी करो अम्मा" म्हणत एक गोवरी स्वतःच चुलीत सारली. तिच्यावर अंगठा होता.

मी अक्कांकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. गोवरी पेटली, लाल झाली, तडकली... आणि निखाऱ्यांत वाघाचा रुपया उघडा पडला. तो माणूस बिडी पेटवायला चुलीपुढं उकिडवा बसत होता. माझ्या हातातलं पीठ ओलं की कोरडं, मला कळेना. अक्कांनी तव्यावरची भाकरी उचलली आणि थेट त्या निखाऱ्यांवर टाकली. धूर झाला. भाकरी काळी पडेपर्यंत त्यांनी तिला हात लावला नाही.

"ये तो जल गई."

"जळू द्या. ती माझ्या ताटात," अक्का म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. त्यानं बाजूच्या निखाऱ्यावर बिडी पेटवली आणि तो उठला. जेवून ते गेले. दीर ओट्यावर तसेच बसून राहिले होते, आणि अक्का चुलीपुढं.

निजामाचं राज्य गेलं तेव्हा अक्कांचा भाऊ आला आणि पोट धरून हसला. "अक्के, त्यो वाघ इंग्रजानंच छापलेला. मागं बघ की, त्यांच्याच राजाचं तोंड हाय!"

"त्ये व्हय? त्ये म्या शेणात दाबलं व्हतं," अक्का म्हणाल्या. पुढं सिंहांची, घोड्याची, बैलाची खरी आपली नाणी आली. तीही त्यांनी एकेक करून जमवली. पण पदराच्या गाठीला राहिला तो करपलेला वाघच. आणि एक खोड जन्माची लागली. घरात गॅस आला तरी पाणी तापवायच्या चुलीत अख्खी गोवरी त्यांनी कधी घातली नाही. आधी मोडायच्या, आत पाहायच्या, मगच जाळात सारायच्या. सुना हसायच्या. मी हसले नाही.

त्या फोननंतर मी जळकोटला पोचले तेव्हा अक्कांना अंगणात ठेवलं होतं. पुतण्या मडक्यात न्यायचा विस्तव करत होता. त्यानं गोवरी उचलली, काडी ओढली... आणि मी गर्दीतून पुढं होऊन त्याच्या हातातली गोवरी ओढून घेतली.

"काकू, काय करताय?"

मी गोवरी मोडली. दोन्ही तुकडे उजेडाला धरून पाहिले. आत नुसता भुसा होता.

"आता पेटव," मी म्हटलं.