सुपडूनानांचा तिसरा ॲम्प

सुपडूनाना दुकानाची पायरी चढताना दिसले की मी मनातल्या मनात कपाळाला हात लावतो. पिंप्राळ्यात माझं इलेक्ट्रॉनिक्सचं छोटं दुकान आहे आणि नाना म्हणजे तीस वर्षं लग्नांत साऊंड लावलेला माणूस. मूळचे शिरपूरकडचे. त्यांना आवाजातलं काही समजावणं फार जिवावर येतं, कारण त्यांना आधीच सगळं येत असतं.

गेल्या हिवाळ्यात मात्र त्यांनी पिशवीतून जे हेडफोन काढले, ते बघून मी खुर्चीतून उठलोच. त्यांची दिपमाला पुण्यात एका रेकॉर्डिंग स्टुडिओत आहे. स्टुडिओने नवे हेडफोन घेतले तेव्हा तिने हे जुने मागून घेतले आणि बापाला धाडले. सोबत फोनवर एक गाणं पाठवलं, तिने स्वतः पहिल्यांदा मिक्स केलेलं. पोरगी दोन वर्षं घरी आली नव्हती. सुटी ठरली की नेमकं काम निघायचं. ते गाणं तिला जसं ऐकू येतं तसं आपल्याला ऐकायचंय, एवढंच नानांचं म्हणणं होतं.

"पण भाऊ, फोनले लायं तं आवाज मरेल येस," ते म्हणाले.

येणारच. तीनशे ओहमचे हेडफोन, फोनच्या अंगात तेवढा जोर नसतो. टेबलावर ठेवायचा छोटा ॲम्प लागेल, मी सांगितलं.

"किती वॅटना?"

"अर्धा वॅट पुष्कळ झाला, नाना."

पाच हजार वॅटच्या खाली कधी बोलणं न केलेला माणूस माझ्याकडे संशयाने बघत राहिला. मग आम्ही दोघं दोन दिवस मोबाईलवर माहिती वाचत बसलो. आठ हजारांच्या आत बसणारे, तीनशे ओहम ओढणारे, आवाजात खरखर नसलेले असे तीनच निघाले. त्यातला सगळ्यात स्वस्त मी मागवून दिला.

चौथ्या दिवशी नाना परत. "यानी डावी बाजू मरेल शे."

मी माझं एक गाणं लावून ऐकलं. मला दोन्हीकडे सारखंच वाटलं. पण स्वस्त ॲम्पच्या व्हॉल्यूमच्या बटणात हा दोष असतो खरा, हळू आवाजात एक बाजू मागे पडते. त्यात समोर तीस वर्षांचा अनुभवी माणूस. मी माझ्या कानांवर अविश्वास दाखवला आणि डबा परत धाडला. दुसरा आला, तोही परत गेला. तिसरा सगळ्यात महाग, तो घेऊन नाना आठवड्याने उगवले तेव्हा माझी सटकली.

"हाई बी तसंच शे, भाऊ. डावीकडे काहीच नई, बठ्ठं उजवा कानमा येस."

मी ॲम्प काउंटरवर लावला, दिपमालाचं गाणं सुरू केलं आणि नानांच्या डोक्यावर हेडफोन उलटे चढवले, डावा उजव्या कानावर. मंडपात आवाज बिघडला की तेही हेच करतात, वायरी उलट्या लावून दोष स्पीकरचा की मशीनचा ते बघतात. ही तपासणी स्वतःच्या कानांवर करायचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं.

नानांनी उजव्या कानावरचा हेडफोन हाताने दाबून धरला.

"हाई तं मनी दिपी शे," ते हळूच म्हणाले. "हाई पहिले नव्हती."

मग आम्हाला दोघांनाही कळलं. ॲम्प तिन्ही चांगले होते. लग्नाच्या साऊंडमध्ये डावं-उजवं नसतं, दोन्हीकडच्या पाहुण्यांना एकच आवाज वाढतात, त्यामुळे आपला डावा कान गेलाय हे नानांना इतकी वर्षं कळलंच नव्हतं. मला त्यांच्यावर चिडल्याची फार लाज वाटली.

त्यांनी तिथूनच पोरीला फोन लावला, स्पीकरवर.

"आबा, ऐकी लिधं का?" दिपमालाने विचारलं. "डावीकडे ध्यान दिधं का? तठे फक्त मी शे, गुणगुणस. मंडपमा मी तुमना डावीकडे बसू ना, तसं."

मला लग्नांत पाहिलेलं ते चित्र आठवलं. नाना मिक्सरवर आणि त्यांच्या डावीकडे, स्पीकरच्या अंगाला, लोखंडी पेटीवर बसलेली सात-आठ वर्षांची पोर. तिच्या दोन्ही कानांवर नानांचा गमछा घट्ट बांधलेला असायचा. नानांचे कान उघडेच असायचे.

"ऐकी लिधं ना बेटा," नाना म्हणाले. "सर्वात पहिले तूच ऐकू उनी."

ती हसली. होळीला येते म्हणाली. गेल्या होळीलाही असंच म्हणाली होती.

फोन ठेवल्यावर नाना उलटे हेडफोन घालून तेवढंच गुणगुणणं पुन्हा ऐकत राहिले. ढोलकी, बासरी, सगळं गाणं आता बंद कानाकडे गेलं होतं. मला राहवेना. मी म्हटलं, "नाना, एक वायर जोडून देतो. दोन्ही बाजू एकाच कानात येतील. दिपी आणि गाणं, सोबत."

त्यांनी मान हलवली. हेडफोन काढले, सरळ केले आणि डावा डाव्या कानावर नीट बसवला.

"नको, भाऊ," ते त्या कानाला बोट लावत म्हणाले. "ती आठे बसेल शे. बसू दे."