ओढ्यापल्याड गेलेलं घर

झुंबरबाईची रांगोळी राजूरच्या आसपासच्या गावांत नावाजलेली होती. कुणाकडं लग्न निघालं की हळद दळायच्या आधी तिला सांगावा जायचा. शनिवारी मारुतीपुढचं अंगण तर तिचंच. सडा वाळला की पदर खोचून बसायची, आणि उठेपर्यंत तिथं कमळं, गोपद्मं, तुळशीवृंदावन सगळं उमटलेलं असायचं. स्वभावही तिच्या रेघेसारखा. एकदा ओढली की पुसायची नाही.

अशीच एक रेघ तिनं आपल्या धाकट्या जावेच्या, तुळजाबाईच्या घरावर ओढली होती. त्याला कारण झाला एक वरवंटा.

झुंबरबाईचा नवरा रखमाजी आणि त्याचा धाकटा भाऊ भुजंग वेगळे निघाले तेव्हा गावानं त्यांचं कौतुक केलं होतं. कुठं शब्दाला शब्द नाही. बैल एकेक, भांडी निम्मी निम्मी, घराच्या मधोमध एक भिंत. शेवटी राहिला पाटा-वरवंटा. तोही भावांनी न्यायानं वाटला. पाटा थोरल्याला, वरवंटा धाकट्याला. पंचांनी मान डोलावली. पंचांमध्ये चटणी वाटणारी एकही नव्हती.

दुसऱ्याच दिवशी तुळजाबाई म्हणाली, "आक्का, पाटा इकडं द्या जरा."

झुंबरबाई म्हणाली, "वरवंटा घेऊन तूच ये की. पाटा काय चालत येतो?"

कोण कुणाच्या दारात जाणार, यावर ते अडलं ते अडलंच. झुंबरबाई पाट्यावर ओढ्यातला गोटा घेऊन चटणी वाटायला लागली, तुळजाबाई वरवंटा घेऊन उंबऱ्याच्या दगडावर. दोन्ही घरांत चटणी भरडच व्हायची आणि दोघे भाऊ मुकाट्यानं खायचे. पुढं बोलण्यातून बोलणं वाढलं आणि झुंबरबाईनं राजूरच्या गणपतीपुढं सांगून टाकलं की जावेच्या घराचं नाव आता माझ्या तोंडून निघायचं नाही. चतुर्थीला दोघीही राजूरला जायच्या. एक पुढं, एक मागं, मधे एक बैलगाडी मावेल एवढी जागा ठेवून. देवाला दोघींनी एकमेकींबद्दल काय काय सांगितलं, ते देवालाच ठाऊक.

एकोणीसशे चाळीसच्या सुमाराची ही गोष्ट. वर निजामाचं राज्य, आणि राज्यात खानेसुमारी यायची होती. म्हणजे घरं आणि माणसं मोजायची. आधी घराघरावर गेरूनं नंबर पडले. दारावर लाल अक्षर उमटलं म्हणून झुंबरबाईनं त्याला हळदकुंकू लावलं. ते पाहून तुळजाबाईनंही लावलं, वर एक फूलही खोचलं.

नंबरांपाठोपाठ गावाला एक सरकारी विहीर मिळणार अशी बातमी आली. मग मात्र गाव जागं झालं. गावात आळ्या दोन. वरच्या आळीत कारभारी पाटलाचा वाडा आणि गोड्या पाण्याचा आड. खालच्या आळीच्या बायांनी त्या आडावर जायचं, पण वरच्या आळीच्या घागरी भरून होईस्तोवर बाजूला उभं राहायचं. उन्हाळ्यात आड खाली गेला की त्यांना ओढ्याची वाळू उकरून झिरा काढावा लागे आणि वाटीवाटीनं घागर भरावी लागे. झुंबरबाईचं सगळं आयुष्य त्या वाटीत गेलं होतं. तिचं देवाकडं एकच मागणं होतं, डोळे मिटायच्या आधी एकदा आपल्या आळीतल्या विहिरीत घागर बुडवायची. बुडूक आवाज ऐकायचा.

एका शनिवारी तहसिलीतून गिरदावर आला. जमिनी आणि पटवारी यांच्यावर नजर ठेवणारा हा अंमलदार स्वभावानं बरा होता, पण कायम घाईत. चावडीपुढं लिंबाखाली घोंगडी टाकून बसला आणि म्हणाला, "हुकूम साफ आहे. ज्या आळीत चुली जास्त, तिथं विहीर. खालच्या आळीत एक चूल जास्त निघाली. आता फक्त गावाचा नकाशा जोडायचा. जल्दी करा."

"नकाशा तर सरकारापाशीच हाय की," रखमाजी म्हणाला.

गिरदावरानं कागद उलगडला. शेत न् शेत त्यात होतं. बांध, नाला, कुणाची बाभळीची पड जमीन, सगळं बराबर. मधे जिथं गाव होतं तिथं मात्र नुसता पांढरा ठिपका. सारा देणारी जमीन सरकारला नीट ठाऊक होती. पाणी पिणारी माणसं त्या पांढऱ्यात कुठंतरी होती.

"मी काढून देतो," म्हणून कारभारी पाटलानं काठी घेतली आणि मातीत गाव काढायला बसला. पाटलाचा वाडा निघाला तोच निम्म्या गावाएवढा. खालची आळी त्याच्या गोठ्याला टेकली. ओढा वाड्याला वळसा घालून अदबीनं पुढं गेला.

गिरदावर हसला. "पाटील, तुमच्या वाड्यात गाव आहे की गावात वाडा?"

मारुतीपुढं झुंबरबाई रांगोळी काढत होती. गिरदावराची नजर तिकडं गेली. "बाई, तुमचा हात साफ आहे. असंच गाव काढता येईल का?"

झुंबरबाईनं पदर नीट केला, जागा झाडली आणि चिमूट सोडली. आधी मारुती, मग आड, मग वरची आळी. पाटलाचा वाडा तिनं वाड्याएवढाच काढला, त्यामुळं तो एकदम लहान दिसायला लागला. मग खालची आळी, चिंच, ओढा, ओढ्यापल्याडचा वड. माणसं वाकून वाकून आपलं घर शोधू लागली. गावाबाहेरच्या महारवाड्याचं तिलाही ध्यान नव्हतं. गिरदावरानं "ती वस्ती?" विचारल्यावर तिनं पार कडेला चार बारीक टिंबं ठेवली. वस्ती हाकेच्या अंतरावर होती, टिंबं कोसावर वाटत होती. त्या चुली कुठल्या आळीच्या, हे पाटलानं विचारलं नाही आणि खालच्या आळीनंही नाही.

गिरदावर नंबर म्हणत घरं ताडून पाहत चालला. एका जागी थांबला.

"खालच्या आळीत एक घर कम आहे. आणि हे एक घर ओढ्यापल्याड कसं?"

सगळ्यांनी वाकून पाहिलं. झुंबरबाईच्या घराला लागून मोकळी जागा होती, आणि तुळजाबाईचं घर ओढा ओलांडून पलीकडं, वडाच्याही पुढं, एकटंच बसलं होतं. झुंबरबाईनं ते मुद्दाम काढलं नव्हतं. हात आपोआप तिकडं गेला होता. तिच्या मनात ते घर इतकी वर्षं तिथंच होतं.

कारभारी पाटलाला आनंद लपवता येईना. "बराबर हाय सायेब. बाईचा हात कवा चुकत न्हाई, आख्खं गाव सांगंल. घर ओढ्यापल्याड, म्हंजे खालच्या आळीत न्हाई. मंग चुली झाल्या सारख्या. आन सारख्या असल्यावर मान वरच्या आळीचा."

"नंबर तर शेजारचे आहेत," गिरदावर म्हणाला. "बाई, तुम्हीच सांगा. हे घर कुणाचं? शेजारी की पल्याड?"

झुंबरबाई चिमटीतली रांगोळी घोळवत राहिली. नाव घ्यावं तर गणपतीपुढची शपथ, न घ्यावं तर विहीर चालली. मागं बायांच्या घोळक्यात तुळजाबाई उभी आहे हे तिला न बघता कळत होतं. जावेचं नाकातलं हसू तिला भिंतीपलीकडूनही ओळखू यायचं.

रखमाजी तिच्याजवळ उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "शपथ तोंडाची घेतल्ती ना? हाताची न्हाई."

तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो जरा मागं सरकला. पण हात पुढं झाला. ओढ्यापल्याडचं घर तिनं तळव्यानं पुसलं. काढलेली रेघ आयुष्यात पहिल्यांदा पुसली. मग आपल्या घराशेजारी दुसरं घर काढलं, मधे बोटभर जागा सोडून.

"बोळ हाय का तिथं?" रखमाजी म्हणाला. "एकच भिंत हाय. एका अंगानं तूच लिंपती."

झुंबरबाईनं सुस्कारा सोडला, बोटभर जागा बुजवली आणि दोन्ही घरांत मिळून एक जाड रेघ ओढली. मग दुसऱ्या घराला उगवतीकडं दार ठेवलं.

"दार तिकडं न्हाई," मागून आवाज आला. "मावळतीला हाय."

घोळक्यातल्या माना वळल्या. तुळजाबाई, थोरल्या दिरासमोर पदर पुढं ओढून, बोलली होती.

झुंबरबाईनं मान वर केली नाही. "मावळतीला कवा केलं?"

"मागं, पोराच्या लग्नात. इकडं बघितलं असतं तर दिसलं असतं, आक्का."

झुंबरबाईनं उगवतीचं दार बुजवलं, मावळतीला काढलं. आणि रांगोळी उरली होती म्हणून त्या दारापुढं एक लहानशी तुळस काढली. गिरदावरानं पाहून पाहून सगळं कागदावर उतरवलं. तुळससुद्धा. कारभारी पाटील जोडे शोधायला लागला.

दोन दिवसांनी तुळजाबाई वरवंटा कडेवर घेऊन झुंबरबाईच्या दारात आली. लेकरू आणावं तशी.

"पाटा द्या जरा."

"न्यायचा न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "बस हितंच. मिरच्या माझ्या हायेत."

त्या दिवशी दोन्ही घरांत चटणी मऊ झाली. भुजंग हरखून रखमाजीला म्हणाला, "दादा, आता भिंत बी पाडू. मंग चूल एकच करू, खर्चा बी वाचंल."

आतून दोघी एकदमच म्हणाल्या, "बिलकुल न्हाई."

झुंबरबाई पदराला हात पुसत बाहेर आली. "विहीर खणून पाणी लागूस्तोवर चूल वेगळीच राहील. एक चूल कमी झाली असं कळू दे, पाटील रातोरात कुदळ वरच्या आळीत न्हील."

"तुमाला वाटण्या लई बराबर जमत्यात," दाराआडून तुळजाबाई म्हणाली. "ही आमची आमाला करू द्या."

विहीर खालच्या आळीत, चिंचेच्या अलीकडं झाली. पाणी लागलं तेव्हा झुंबरबाईनं राजूरला नारळ पाठवला, शपथ मोडल्याचा आणि पाण्याचा मिळून एकच. पहिली घागर मात्र ती बुडवीना. तुळजाबाईची वाट पाहत काठावर उभी राहिली, कारण दोर तिच्याकडं होता. घागर तेवढी झुंबरबाईची होती.